सेशन केसचे कागद घरच्यांना परवडतील असे कसे मिळतात: ई-कोर्ट्स, नक्कल विभाग आणि विधी सेवा यांचा रिव्ह्यू

ज्यांच्या घरातलं माणूस गुन्ह्यात मारलं गेलंय आणि केस सेशन कोर्टात चालू आहे किंवा नुकताच निकाल लागलाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल, पण देव करो आणि कोणावर ही वेळ न येवो. रिव्ह्यू तीन ठिकाणांचा आहे, ई-कोर्ट्सचं ॲप, जिल्हा कोर्टातला नक्कल विभाग, म्हणजे कोर्टाच्या कागदांच्या शिक्क्याच्या प्रती देणारा, आणि मोफत कायदेशीर मदत देणारं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. माझा धाकटा भाऊ मारला गेला, त्याच्या केसचे कागद आम्ही या तिन्हीच्या मदतीने गोळा केले. कोर्टाचं आणि गावाचं नाव लिहीत नाही कारण अपील चालू आहे.

थोडक्यात सांगायचं तर निकाल फुकट मिळतो, मोबाईलवर मिळतो, पण तो निकाल ज्यावर उभा आहे ते कागद, म्हणजे साक्षी, उलटतपास, पंचनामे, पीएम (शवविच्छेदनाचा) रिपोर्ट, हे घरच्यांना कोणी आपणहून देत नाही. मागावे लागतात, मागायचे कसे ते कुठे लिहून लावलेलं नाही, आणि खर्च माफ करून मिळू शकतो हे तर आम्हाला कित्येक महिने कोणी बोललंच नव्हतं. पैशांपेक्षा माहिती नसल्यामुळे लोक अडतात असं माझं ठाम मत झालंय.

कागद कशाला हवे होते ते आधी सांगते, कारण नातेवाईकसुद्धा विचारायचे की आता निकाल लागला ना, मग परत ते सगळं कशाला वाचायचं. भावाच्या केसमध्ये चार्ज ३०२ चा होता, खुनाचा. निकालात आरोपीला ३०४ भाग दोनखाली शिक्षा झाली, म्हणजे मारायचा इरादा सिद्ध झाला नाही असं कोर्टाने धरलं. सरकारी वकिलांनी निकालानंतर व्हरांड्यातच दोन मिनिटांत सांगितलं की दोन साक्षीदार फितूर झाले, डॉक्टरांच्या उलटतपासात जरा अडचण झाली, सरकारने अपील करायचं की नाही ते वरून ठरेल. आईने एवढंच विचारलं की डॉक्टर नक्की काय बोलले. आता त्या दिवशी आम्ही कोर्टातच होतो, पण मागच्या बाकावर बसून काहीही ऐकू येत नाही, साक्षीदार हळू बोलतो, वकील मध्ये उभे असतात, आणि जज साहेब स्टेनोला जे डिक्टेट करतात तेच शेवटी रेकॉर्ड होतं, ते तर आपल्या कानापर्यंत पोचतच नाही. म्हणजे आमच्याच माणसाच्या खटल्यात आमच्यासमोर काय बोललं गेलं हे आम्हाला कागद मिळाल्याशिवाय कळणार नव्हतं.

आणि दुसरं कारण अपील. ३१ डिसेंबर २००९ पासून कायद्यात असं आहे की आरोपी सुटला, किंवा कमी गुन्ह्याखाली शिक्षा झाली, किंवा भरपाई अपुरी दिली, तर पीडित स्वतः अपील करू शकतो, आणि पीडित म्हणजे त्याचा कायदेशीर वारस पण. जुन्या सीआरपीसीत (फौजदारी प्रक्रिया संहितेत) कलम ३७२ चं परंतुक, तिच्या जागी आलेल्या नव्या बीएनएसएसमध्ये (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत) कलम ४१३. निर्दोष सुटल्याच्या विरोधात अपील करायला पीडिताला आधी वेगळी परवानगी मागावी लागत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये मल्लिकार्जुन कोडगली केसमध्ये सांगितलंय. २०२२ मध्ये लखीमपूर खेरीच्या केसमध्ये तर स्पष्ट म्हटलं की तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर पीडिताला म्हणणं मांडायचा हक्क आहे. हक्क इतका मोठा दिलाय, पण हातात रेकॉर्ड नसेल तर मांडणार काय?

आता ॲप. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस, फुकट आहे, कोणीही डाउनलोड करू शकतं. प्रत्येक केसला १६ अक्षरांचा सीएनआर नंबर असतो, तो एकदा मिळाला की काम सोपं. नंबर नसेल तर पोलीस स्टेशन निवडून एफआयआर नंबर आणि वर्ष टाकूनही केस सापडते, आणि मला हा मार्ग नावाने शोधण्यापेक्षा भरवशाचा वाटतो कारण नावाचं स्पेलिंग कोर्टात कसं टाकलंय याचा नेम नसतो. केस सापडली की माय केसेसमध्ये सेव्ह करून ठेवायची, मग पुढची तारीख कुठली, कशासाठी, आज काय झालं ते सगळं दिसतं. आधी आम्ही तारखेसाठी वकिलांच्या क्लार्कला फोन करायचो आणि ते बिचारे किती लोकांचे फोन घेणार. ॲप आल्यापासून आई स्वतः बघते, माझ्या आधी तिला तारीख माहीत असते. सेव्ह केलेल्या केसेस फोनमध्येच राहतात म्हणून फोन बदलायच्या आधी एक्स्पोर्ट करून घ्या.

निकालाची पीडीएफ तिथूनच मिळते. ती सर्टिफाइड नसते पण वाचायला, वकिलाला व्हॉट्सॲप करायला, सल्ला घ्यायला पुरेशी आहे, त्यासाठी कोणालाही एक रुपया देऊ नका. हायकोर्टाच्या ऑर्डर आणि निकाल शोधायला judgments चं वेगळं सरकारी पोर्टल पण आहे, तेही फुकट. बलात्कार आणि पॉक्सोच्या केसेसमध्ये पीडितेची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे म्हणून तिथे ऑनलाइन काही दिसलं नाही तर घाबरू नका, घरच्यांना कोर्टात अर्ज करून नक्कल मागता येतेच.

पण ॲपची हद्द इथे संपते. साक्षी, पंचनामे, डॉक्टरांचा रिपोर्ट हे सहसा तिथे सापडत नाही. आणि ते सगळ्या जगाला दिसावं असं माझं पण म्हणणं नाही, माझ्या भावाच्या पीएमचे कागद कोणीही उघडून बघावेत हे मला चालणार नाही. चार्जशीट सगळ्यांसाठी वेबसाइटवर टाकायची मागणी सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये फेटाळली तेव्हा मला ते पटलं होतं. माझं म्हणणं एवढंच की पीडिताच्या वारसाला ओळख पटवून त्याच ॲपमध्ये आपल्या केसचं रेकॉर्ड बघता आलं पाहिजे, बाकी कोणाला नको. आरोपीच्या वकिलाकडे सगळा संच पहिल्या दिवसापासून असतो.

ॲपला पाचपैकी साडेतीन, जे करायचं ठरवलंय ते नीट करतं म्हणून.

नक्कल विभाग. इथे वेळ घालवून लिहिते कारण खरं काम इथे आहे.

कोर्टात नक्कल अर्जाचा छापील फॉर्म असतो, त्यावर केस नंबर, निकालाची तारीख, पक्षकारांची नावं, कोणकोणत्या निशाणीची नक्कल हवी, साधी हवी की तातडीची, हे भरून कोर्ट फी स्टॅम्प लावून द्यायचा. निशाणी म्हणजे रेकॉर्डमधल्या प्रत्येक कागदाला दिलेला नंबर, एक्झिबिट. पानामागे नक्कल फी लागते आणि ती स्वतःमध्ये फार नसते. फाईल जाड असली की बेरीज वाढते, त्यात वकिलाची फी, क्लार्कचा खर्च, येण्याजाण्याचा खर्च, बुडालेली मजुरी. कोर्टाबाहेर बसणाऱ्या एकाने आम्हाला पूर्ण फाईलची ठोक रक्कम सांगितली, ती आईच्या कित्येक महिन्यांच्या खर्चाइतकी होती, आणि तुम्ही त्या वेळी इतके खचलेले असता की उधार घेऊन देऊन टाकावी असं वाटतं. देऊ नका.

खिडकीवरच्या माणसाने अर्ज बघितला आणि म्हणाला, "मावशी, ही केस सरकार विरुद्ध आरोपी आहे, तुम्ही यात पार्टी नाही, तुम्हाला नक्कल कशी देणार?" तो उद्धट नव्हता, त्याच्या दृष्टीने बरोबरच बोलत होता, कारण निकालाच्या पहिल्या पानावर महाराष्ट्र शासन आणि आरोपी एवढीच नावं असतात, माझ्या भावाचं नाव कुठे तर आतल्या पानांत, मयत म्हणून. आई तिथून काही न बोलता मागे फिरली. मला मात्र हे फार लागलं. ज्याच्यामुळे केस उभी राहिली त्याच्या आईला परकं ठरवायला एक वाक्य पुरतं.

याचं उत्तर कायद्यात आहे आणि ते पाठ करून जा. जुनी केस असेल तर सीआरपीसी कलम ३६३ उपकलम ५, नवी असेल तर बीएनएसएस कलम ४०४ उपकलम ५. निकालाने किंवा आदेशाने बाधित झालेल्या कोणत्याही व्यक्तीला अर्ज करून ठरलेली फी भरून निकालाची, साक्षीची किंवा रेकॉर्डच्या इतर भागाची नक्कल मिळते. पार्टी असायची अट नाही, बाधित व्यक्ती असं लिहिलंय. आणि त्याच्याच पुढे परंतुक आहे की कोर्टाला योग्य वाटलं तर विशेष कारणासाठी ही नक्कल फुकट देता येते. हेच ते वाक्य जे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. जुनी का नवी हे असं ओळखायचं की १ जुलै २०२४ ला बीएनएसएस लागू झालं आणि त्या दिवशी जे खटले आधीच चालू होते ते जुन्या सीआरपीसीनेच पुढे चालले, आमचा तसाच होता.

याच कलमात वर बघा, शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची प्रत लगेच आणि फुकट द्यायची असं उपकलम १ म्हणतं. ते असायलाच हवं, त्याला अपील करायचंय, त्याचं स्वातंत्र्य पणाला लागलंय, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मयताच्या घरच्यांना तीच प्रत अर्ज, स्टॅम्प आणि विशेष कारण दाखवून मिळणार, हा फरक मला अजूनही पचत नाही. निकालाच्या दिवशी एक प्रत जास्त काढून घरच्यांच्या हातात द्यायला कितीसा खर्च येतो?

नव्या कायद्यात एक गोष्ट मात्र चांगली झाली आहे. बीएनएसएस कलम २३० प्रमाणे आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांच्या आत चार्जशीट, एफआयआर, साक्षीदारांचे जबाब वगैरे कागद आरोपीबरोबर पीडितालाही फुकट द्यायचेत, पण पीडिताचा वकील असेल तरच. आधी हे फक्त आरोपीला होतं. म्हणून ज्यांची केस आत्ता सुरू होतेय त्यांनी पहिल्याच तारखेला वकीलपत्र दाखल होईल हे बघा, वकील विधी सेवेचा असला तरी चालतो. एफआयआरची प्रत तर पीडितालाही पोलीस स्टेशनमधूनच फुकट मिळते, आणि तपासात काय प्रगती झाली ते ९० दिवसांत कळवायचं बंधन पोलिसांवर आहे, मेसेजवर कळवलं तरी चालतं, पण कळवलं पाहिजे. विचारा त्यांना.

आता खर्च कमी करायची सगळ्यात उपयोगी युक्ती, रेकॉर्डचं इन्स्पेक्शन. पूर्ण फाईलची नक्कल मागायच्या आधी फाईल बघायला मिळावी म्हणून अर्ज करायचा. आमच्या वकील मॅडमनी तो केला आणि एका दुपारी कारकुनासमोर बसून आम्ही पानं उलटली. निम्मी फाईल कशाची होती माहितीये? मुदतीचे अर्ज, हजेरी माफीचे अर्ज, वकीलपत्रं, समन्स बजावल्याचे रिपोर्ट, जामीनदारांचे कागद. याची नक्कल घेऊन काय करणार. आम्ही वहीत फक्त निशाणी नंबर लिहून घेतले, डॉक्टरांची साक्ष, पीएम रिपोर्ट, दोन्ही फितूर साक्षीदार, जो साक्षीदार टिकला तो, घटनास्थळाचा पंचनामा, तपासी अंमलदार, आरोपीचा ३१३ चा, म्हणजे कोर्टाने शेवटी त्याला विचारून घेतलेला जबाब आणि रोजनामा. फी तिथेच निम्म्याच्या खाली आली. रोजनामा सोडू नका, त्यात प्रत्येक तारखेला काय झालं ते एकेका ओळीत असतं, साक्षीदार हजर, सरतपास पूर्ण, उलटतपास पुढील तारखेस. कोणी किती वेळा मुदत मागितली ते त्यातून कळतं.

नकला मिळाल्यावर आधी शेवटचं पान बघा. तिथे खरी नक्कल असा शिक्का असतो आणि त्याखाली तारखा असतात, अर्ज कधी दिला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. अपिलाची मुदत मोजताना नक्कल मिळायला लागलेला वेळ धरत नाहीत, मुदत कायद्याचं कलम १२ आहे त्याचं, आणि तो वेळ किती होता याचा पुरावा म्हणजे ह्याच तारखा. एखादी तारीख रिकामी असेल किंवा शाई फिकट असेल तर खिडकीवरून हलू नका, तिथेच भरून घ्या.

आणि डॉक्टरांची साक्ष. आईने विचारलेलं उत्तर तिथे होतं, उलटतपासात. साक्षीची भाषा एकदा वाचली की विसरत नाही, हे म्हणणे खरे आहे की, हे म्हणणे खरे नाही की, प्रत्येक वाक्य तसंच सुरू होतं, कारण वकिलाचा प्रश्न लिहीत नाहीत, प्रश्न आणि उत्तर एकत्र करून एकच वाक्य करतात. डॉक्टर म्हणाले होते, हे म्हणणे खरे आहे की डोक्यावरील जखम कठीण पृष्ठभागावर पडल्याने होऊ शकते. हेच वाक्य निकालात आलंय. त्याच्या दोन ओळी खाली, हे म्हणणे खरे नाही की सर्व जखमा एकाच वेळी पडल्याने झाल्या आहेत. हे निकालात नीट आलेलं नाही आणि अपिलात आमचा एक मुद्दा तोच आहे. फक्त ॲपवरची निकालाची पीडीएफ वाचली असती तर ही ओळ आमच्यापर्यंत कधी आलीच नसती.

नक्कल विभागाला दोन स्टार. काम करणारी माणसं वाईट नाहीत, कमी आहेत आणि ढीग मोठा आहे. पण भिंतीवर एक बोर्ड लावा, पीडिताच्या घरच्यांना नक्कल मिळते, अर्ज असा करा, फी माफीसाठी इथे विचारा. एवढ्या बोर्डने किती जणांचे हेलपाटे वाचतील.

कोणीतरी आम्हाला आरटीआय टाका म्हणून सांगत होतं. त्यात वेळ घालवू नका, कोर्टाच्या नकला कोर्टाच्याच नियमांनी घ्यायच्या, आरटीआयने नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये गुजरात हायकोर्टाच्या केसमध्ये स्पष्ट केलंय. कोर्टाच्या आवारात ई-सेवा केंद्र असेल तर तिथे मात्र जरूर जा, केस नंबर शोधून देणं, तारीख सांगणं, ऑनलाइन नक्कल अर्जाला मदत करणं ही त्यांची कामंच आहेत.

आता विधी सेवा प्राधिकरण. प्रत्येक जिल्हा कोर्टात ऑफिस असतं आणि सचिव न्यायाधीश दर्जाचे असतात. आम्ही समजत होतो की मोफत वकील म्हणजे आरोपीला मिळतो तो. तसं नाहीये. १९८७ च्या कायद्याचं कलम १२ वाचा, महिला, मुलं, अनुसूचित जाती जमातीचे लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार, आपत्तीत सापडलेले, यांना मोफत विधी सेवा मिळते आणि महिलेला तर उत्पन्नाची मर्यादा नाही. म्हणजे मयताची आई, बायको, मुलगी, कोणीही अर्ज करू शकते. म्हणून आमचे सगळे अर्ज आईच्या नावाने गेले. ती वारस पण आहे आणि महिला पण, दोन्ही गोष्टी एकाच अर्जात बसल्या.

आणि मोफत सेवेत फक्त वकील येतो असं नाही, कोर्ट फी, टायपिंगचा खर्च, सर्टिफाइड नकला मिळवून देणं, अपिलाचं पेपर बुक (अपिलासाठी लागणाऱ्या कागदांचा संच), कागदांचं भाषांतर, हे सगळं त्यात धरलेलं आहे. हे मला तिथल्या बाईंनीच समजावून सांगितलं, आईला खुर्ची देऊन, पाणी देऊन, घाई न करता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी तिला मयताची आई म्हणून न बघता नाव विचारलं. १५१०० हा त्यांचा हेल्पलाइन नंबर आहे, देशभर चालतो. हायकोर्टात अपील करायचं असेल तर तिथे हायकोर्टाची वेगळी विधी सेवा समिती असते, जिल्ह्यातूनच कागद पुढे पाठवतात. पीडित भरपाईचा अर्ज पण याच ऑफिसात करतात, तो विसरू नका.

कमतरता सांगायची तर पॅनेलवरचे वकील खूप केसेसमध्ये अडकलेले असतात, पाठपुरावा आपणच करावा लागतो, आणि आपल्या वकिलाला खटल्यात साक्षीदारांना थेट प्रश्न विचारता येत नाहीत, सरकारी वकिलांना मदत करणं आणि लेखी युक्तिवाद देणं इतकंच, ही कायद्याचीच मर्यादा आहे. तरी पाचपैकी चार. कमी केलेला एक स्टार लोकांना याची माहितीच नसते म्हणून.

ॲट्रॉसिटीची केस असेल तर कलम १५अ नक्की वाचा, पीडित आणि वारसांना प्रत्येक सुनावणीची वेळेवर माहिती मिळायचा हक्क आहे आणि या कायद्याखालच्या कामकाजाचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचं असंही त्यात लिहिलंय. बाकीच्या खटल्यांना पण हे लागू व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं. अर्थात नुसतं रेकॉर्डिंग असून भागत नाही हेही खरं, इंग्लंडमध्ये रेकॉर्डिंग असतं पण ते टाइप करून घ्यायचा दर ७२ शब्दांच्या फोलिओवर असतो आणि पूर्ण खटल्याचा खर्च हजारो पौंडांत जातो, तिथल्या घरच्यांनी आवाज उठवल्यावर २०२४ मध्ये खून झालेल्यांच्या कुटुंबांना निदान शिक्षा सुनावतानाचं जजचं म्हणणं तरी फुकट द्यायला सुरुवात झाली. आपल्याकडे साक्ष आधीच टाइप झालेली असते. फक्त प्रिंट द्यायची आहे.

एक घाईची सूचना. आरोपीने किंवा कोणीही अपील केलं की हायकोर्ट खालच्या कोर्टाकडून मूळ रेकॉर्ड मागवून घेतं, सगळे आर अँड पी म्हणतात त्याला. एकदा ती फाईल वर गेली की जिल्ह्यातला नक्कल विभाग हात वर करतो आणि मग तुम्हाला सगळं मुंबई, नागपूर, औरंगाबाद नाहीतर कोल्हापूरच्या बेंचमधून करावं लागतं. म्हणून निकालाच्या आठवड्यातच नक्कल अर्ज टाका, अपील करायचं की नाही ते नंतर ठरवलं तरी चालेल.

फी माफीचा अर्ज आम्ही साध्या कागदावर दिला होता, मजकूर जवळपास असा होता, आपापल्या केसप्रमाणे बदलून घ्या: "अर्जदार ही मयताची आई व कायदेशीर वारस असून सदर निकालाने बाधित व्यक्ती आहे. कायद्याने मिळालेला अपिलाचा हक्क बजावण्यासाठी अर्जदारास निकाल व खालील निशाण्यांच्या खऱ्या नकलांची आवश्यकता आहे. अर्जदार विधवा असून तिला स्वतःचे उत्पन्न नाही. तरी फौजदारी प्रक्रिया संहिता कलम ३६३(५) च्या परंतुकाप्रमाणे विशेष कारणास्तव सदर नकला विनामूल्य मिळाव्यात ही विनंती." खाली निशाण्यांची यादी, सोबत मृत्यूचा दाखला, आईचं आधार आणि रेशनकार्डची झेरॉक्स. अर्ज नक्कल विभागात देऊन उपयोग नाही, ज्या कोर्टाने निकाल दिला तिथेच द्यावा लागतो, कारण फी माफ करायचा अधिकार जजचा आहे, कारकुनाचा नाही. साहेबांनी अर्जावरच ऑर्डर केली, निकाल आणि साक्षी विनामूल्य, बाकीच्या कागदांना फी भरावी. बाकीची फी विधी सेवेतून भरली गेली. अर्जाच्या दोन प्रती काढा आणि एकीवर तारखेसकट पोच घ्या, ती पोच पुढे मुदत मोजताना वकील मागतात.